दारापाशी नेलं होतंस?

मडगावच्या न्यू मार्केटात, सोनाराच्या भिंतीला पाठ लावून
रायतुरकरांचं कापडाचं दुकान आहे.
दोन फळ्यांचं दार, एक पंखा, पंख्याखाली गुरुदासबाब.
त्यांच्या लेकीनं सांगितलं, वेबसाइट करून दे.

मी केली.
भरपूर पांढरी जागा सोडली, डोळ्यांना श्वास घ्यायला म्हणून.
अक्षरं बारीक, राखाडी.
मेनू म्हणजे कोपऱ्यात तीन आडव्या रेघा.
फातोर्ड्याच्या खोलीत, पडदे ओढून,
लॅपटॉपवर ती इतकी देखणी दिसायची
की मी रात्री उठून तिला बघून यायचे.

गुरुदासबाबांनी मोबाइल हातभर लांब धरला.
"एवढं पांढरं का? माल संपला असं वाटतं."
तीन रेघांवर बोट ठेवून, "ही शिडी कुठं जाते?"
आणि ईमेल मागणारी चौकट उडी मारून आडवी आली तेव्हा :
"गिऱ्हाइकानं पाय ठेवायच्या आधी
त्याचा पत्ता विचारतात का गो कोण?"

भर दुपारी बांगडे घेऊन निघालेल्या पिएदादबायला मी थांबवलं.
म्हटलं, यात लाल सुती कापड शोधून दाखव.
तिनं पिशवी खाली ठेवली, अंगठा झग्याला पुसला.
उन्हात माझी राखाडी अक्षरं विरघळून गेली होती.
तिनं काचेत स्वतःला बघितलं, कपाळावरचे केस मागे सारले,
म्हणाली, "आरसो बरो आसा, बाय."

मग मी अक्षरं काळी केली.
बटण केलं खवला चिकटलेल्या अंगठ्याएवढं रुंद.
शिडी काढली. उडी मारणारी चौकट हाकलली.
ऑर्डरी यायला लागल्या, आणि मला वाटलं, जमलं.

स्विंडनहून लविन्याची ऑर्डर आली, साडोसाठी.
मे महिन्यात लग्न; घरी शिंपी बसणार,
पहिल्या कात्रीला फटाके लागणार,
आणि कापड लालच हवं, साडेचार मीटर.
पार्सल कुडतरीला आईकडे गेलं.
चौथ्या दिवशी आई ते बसनं परत घेऊन आली.
पडद्यावर लाल होता भिरंडाच्या आगळासारखा,
घडी उघडली तर कौलासारखा.

आमच्या धंद्यात लालाला सहा खुणांचं नाव असतं.
मी ते पुन्हा तपासलं. नाव बरोबर होतं.

गुरुदासबाबांनी एवढंच विचारलं,
"फोटो काढताना दारापाशी नेलं होतंस?"

नव्हतं. मागच्या खोलीत, दोन दिवे लावून,
पांढऱ्या कागदावर.

ते उठले. थान काउंटरवर आपटून उलगडलं,
पदराएवढं टोक हातात घेतलं आणि चालू लागले.
ट्यूबलाइटखाली एक लाल.
पंख्याच्या पुढं, जरा दबलेला, दुसरा.
उंबऱ्यावर, जिथं दुकानाचा उजेड संपतो
आणि रस्त्याचा सुरू होतो, तिथं तिसरा.
"गिऱ्हाईक 'हां' म्हणतं ते इथं.
आत कधीच नाही."
लविन्याची आई मान हलवत होती,
जणू हे तिला केव्हाचं ठाऊक होतं
आणि विचारलं मात्र कुणी नव्हतं.
दुसरं एक थान तिनं स्वतःच दाराकडे ओढत नेलं.

आता प्रत्येक फोटोखाली एक बटण आहे : दारापाशी न्या.
दाबलं की तेच कापड, सकाळी अकराच्या उजेडात,
आणि कोपऱ्यात गुरुदासबाबांचा अंगठा.

बंगळूरचा मित्र म्हणाला, अंगठा काप,
नख तुटलेलं आहे, बरं दिसत नाही.
कापला एक दिवस.
त्याच दिवशी तिघांनी फोन करून विचारलं,
"हे फूल केवढं आहे हो? बशीएवढं की बटणाएवढं?"
अंगठा परत ठेवला.

जूनपासून काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.
तेव्हा दारापाशीचा उजेडही राखाडी असतो,
माझ्या जुन्या अक्षरांसारखा.